दोन देवांचं एक जावळ

नाहूर, वैशाख

प्रिय प्रेमा,

अक्षर बघून घाबरू नकोस, घरात सगळे खुशाल आहेत. एरवी मी सांगते नि सूनबाई लिहिते, म्हणून तुला मोत्यासारखी पत्रं मिळतात. आज शुभा बाळाला घेऊन बोरीवलीला माहेरी गेलीय, तुझे थोरले भावजी दारात पेपर घेऊन बसलेत आणि मी पोळपाटावर कागद ठेवून स्वतः लिहितेय. चौथी पास जावेचं पत्र आहे, काना-मात्रा तुझ्या पदरचे घाल. नेहमीचं आंतरदेशीय सोडून पाकीट का पाठवलं तेही कळेल. पण आधी मधलं वाच, पाकीट झटकू नकोस.

बातमी अशी की मी तिरुपतीला चाललेय. कोल्हापूरच्या पलीकडे जिने पाऊल टाकलं नाही ती तुझी जाऊ बालाजीला चाललीय. दादरहून मद्रासची गाडी, रेणीगुंट्याला उतरायचं, पुढे मोटार, मग डोंगर. हे सगळं मला तोंडपाठ झालंय, कारण आमचे व्याही श्यामकांत यांनी ते कागदावर लिहून भिंतीला लावलंय. माणूस ऑफिसातून रिटायर झाला, पण ऑफिस काही त्याच्यातून रिटायर झालं नाही. मी दशम्या करणार, लसणाची चटणी करणार, बाळासाठी मऊ भाताचे तांदूळ भाजून दळून ठेवलेत. चालायला कापडी बूट घे असं आपला लेक लवू म्हणतो. नऊवारीवर बूट घालून मी देवासमोर उभी राहिले तर देवच डोळे मिटून घेईल.

आता विहीणबाईंचं ऐक. कुंदाताई वाईट नाहीत, हे मी आधीच लिहून ठेवते, पुढे लिहायचं राहून जाईल. पण गो, त्या प्रत्येक ठिकाणी माझ्या आधी पोचलेल्या असतात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नर्सने नातू आधी त्यांच्या हातात दिला. तीन महिने त्यांच्या घरी राहिला, म्हणून पहिला हसला तो त्यांना बघून. बारशाला मी अनंत नाव ठेवलं, आपल्या मामंजींचं, तर त्यांनी त्याला बंटी करून टाकला. आणि तो लबाड अनंत म्हटलं की भिंतीकडे बघतो, बंटी म्हटलं की वळतो. मी एकदा घरात कोणी नसताना हळूच बंटी म्हणून बघितलं. लगेच वळला. इतका राग आला मला, की त्याचा पापाच घेतला.

त्या तिरुपतीला दोनदा जाऊन आल्यात. तिथे केस कसे उतरवतात, लाडू केवढा, रांगेत कुठे बसायला मिळतं, सगळं त्यांना ठाऊक. मी आपली मान हलवते. जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर बसतं, म्हणजे तिथेही त्यांचाच लेक, चंद्रप्रकाश. आमच्या घराण्याने काय करायचं, तर टॉवेल धरायचा.

तर मुद्दा जावळाचा. बाळ झालं त्या दिवसाचं तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. शुभा आत होती, बाळ अडलं होतं. डॉक्टरीण बाहेर येऊन लवूची सही घेऊन गेली. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी विहिणी. एरवी आमच्यात एक पर्स मावेल एवढं अंतर असतं, त्या दिवशी कुंदाताईंनी माझा हात असा धरला होता की बांगडी रुतली. त्यांचे ओठ हलत होते. माझेही हलत होते. मी आपल्या गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं, बा देवा, मायलेकरू सुखरूप सोडव, पोराचं पहिलं जावळ तुझ्या पायाशी. नवस फिटेपर्यंत बोलू नये म्हणून मी बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. बाळाने अजून जगात डोकं काढलं नव्हतं, आणि त्या डोक्यावरचे केस आम्ही दोघींनी दोन देवांना देऊन टाकले होते.

मला हे कळलं उष्टावणाच्या दिवशी. मी खिरीची वाटी घेऊन उभी, आणि कुंदाताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की बंटीचं जावळ बालाजीला बोललेय, तिकिटं काढून झाली. शब्द माझ्या जिभेच्या अगदी टोकाला आले होते. म्हणणार होते, विहीणबाई, जावळ बापाच्या घराण्याचं असतं, आमचा देव आधी. तेवढ्यात त्या माझ्याकडे वळून म्हणतात, वनमालाताई, तुमचंही काढलंय हो, खिडकीजवळचं, तुमच्याशिवाय मी जाते का. आता सांग, अशा बाईशी भांडायचं कसं. मला न्यायचं हेसुद्धा त्यांनाच आधी सुचलं. शुभा खुशीत, लवू खुशीत. मी खीर भरवली. बाळाने ती माझ्या अंगावर थुंकली.

तेव्हापासून घास गोड लागेना. पहिले केस एकदाच येतात, दुसऱ्यांदा येतात ते नुसते केस. तुझ्या भावजींना सांगितलं, तर म्हणतात, अर्धं डोकं याला नि अर्धं त्याला दे, पोरगं विदूषक दिसेल. गिरणी बंद पडल्यापासून यांना सगळ्याच गोष्टींचं हसू येतं. पण मला देवाचं भय आहे. मागताना मी पदर पसरला होता, आणि देताना पोर दुसऱ्याच्या दारात नेऊन बसवायचं, हे बरं नव्हे. तिथे तर म्हणे केसांचे ढीग पडतात. त्यात आमचं जावळ कुठलं, कोण ओळखणार.

म्हणून हे पाकीट. आत केळीच्या सोपट्यात, त्या ओल्या सालीत, गुंडाळलेलं आहे ते हलक्या हाताने उघड. काल बाळाला न्हाऊ घातलं, धुरी दिली, तो माझ्या पायांवर झोपला, आणि डाव्या कानामागची एक बट मी कातरली. कुणाला दिसणार नाही, तिथे जावळ दाट आहे. कातर लावण्याआधी हात जोडले. आमची गाडी पुढच्या शुक्रवारी आहे, त्याच्या आत सहदेव गुरवाकडे जा. देवाच्या अंगाला पाकळ्या लावून कौल घ्यायला सांग. देवाला म्हणावं, पहिला मान तुझा, तो पोचता केला, आता उरलेल्या डोक्याची परवानगी दे. उजवीकडची पाकळी पडून उजवा कौल झाला की बट पायाशी ठेव. डावा झाला तर तिथेच बस, पुन्हा विचार, नारळ दे, आपला देव ऐकतो. आणि गाऱ्हाण्यात कुंदाताईंचंही नाव घे. बाकावर त्याही होत्या. दोघांतल्या कुठल्या देवाने ऐकलं, मला काय ठाऊक, कदाचित दोघांनीही ऐकलं असेल. उत्तर मात्र लिहू नकोस, पत्रं शुभा वाचते. तू काम करशील याची मला खात्री आहे. गाडीत कुंदाताई सगळ्या डब्याला सांगतील की नातवाचे पहिले केस आमच्या बालाजीला. तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसेन. खिडकी त्यांनीच दिलीय.

तुझीच थोरली,
वनमाला