चकमकीवरचं नाव

४ मार्च २००६, शनिवार, सकाळी ९
सानिकाचं चोवीस तारखेला तिच्या डच शाळेत स्प्रेकबर्ट आहे. म्हणजे दहा वर्षांच्या पोरांनी वर्गासमोर उभं राहून दहा मिनिटं बोलायचं. बाकीची पोरं हॅम्स्टरवर बोलतात. आपली मुलगी काडेपेटीच्या आधी लोक आग कशी पेटवायचे यावर बोलणार, आणि शेवटी शाळेच्या अंगणात चकमकीने ठिणगी पाडून दाखवणार. गारगोटी तिने आणली आहे. तिच्यावर घासायची पोलादी पट्टी मी करणार. ऑफिसातला सौमित्र म्हणाला, इंटरनेटवरून मागव. झुइडासच्या ऑफिसपट्ट्यात सगळे असलेच. स्क्रू पिळायला माणूस बोलावतात. मी बी.ई. मेकॅनिकल आहे. गेली अकरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो भाग वेगळा.

सानिकाची एकच अट. पट्टीवर तिचं नाव हवं. ते तर घालणारच. आमच्या घरात नाव नसलेली वाटीसुद्धा नाही. लग्नातली भांडी पुण्याहून इथे रायस्वाइकला आली ती 'अजित व. केतकर' असं कोरूनच.

दुपारी १
हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडाची पट्टी आणली. उद्या बार्बेक्यूच्या कोळशात लाल करायची, पाण्यात बुडवायची. तासाभराचं काम.

५ मार्च, रविवार
पट्टी लाल झाली. पाण्यात चर्र झालं. गारगोटीवर चाळीस वेळा घासली. ठिणगी नाही.
शेजारचा विम कुंपणावरून बघत होता. वय चौऱ्याहत्तर, जन्मभर जहाजांच्या कारखान्यात घण मारले. तो डचमध्ये काहीतरी बोलला, सानिकाने इंग्लिशमध्ये सांगितलं. हे बांधकामाचं लोखंड आहे, यात कार्बन नाही, वर्षभर भाजलं तरी कडक होणार नाही.
हे मला माहीत होतं. आजची फक्त ट्रायल होती.
कोळशाला हवा मारायला घेतलेला बायकोचा, प्रांजलीचा, हेअर ड्रायर वितळला. हलका माल. तिला तसं सांगितलं. ती बोलत नाहीये.

७ मार्च, मंगळवार
विमने सानिकाच्या हातात एक जुनी कानस दिली. म्हणे यात कार्बन भरपूर. मीही कानसच घेणार होतो.
निश्चय: यापुढे विमचा सल्ला घ्यायचा नाही.

११ मार्च, शनिवार
विमचा ग्राइंडर आणला. ग्राइंडर म्हणजे सल्ला नव्हे.

१२ मार्च, रविवार
झालं!!
कानसेचा तुकडा नारिंगी होईपर्यंत तापवला. चुंबक चिकटेनासं झालं की पोलाद तयार. हे विमने सांगितलं, पण मेटलर्जीच्या पेपरात मीही लिहिलं होतं (४१ मार्क). फ्रिजवरचं पवनचक्कीचं चुंबक वापरलं. पवनचक्की गेली. मग पाण्यात. मग गारगोटीवर एकच फटका, आणि ठिणग्यांचा पाऊस! माझ्या जुन्या बनियनचं फडकं डब्यात जाळून काळं करून ठेवलं होतं, त्यावर ठिणगी धरली. सानिका उड्या मारत ओरडली, 'बाबा, जेनियस!' मराठीत 'बाबा' तरी म्हणाली. फार बरं वाटलं. खरंच फार बरं वाटलं.
आता फक्त नाव.

१८ मार्च, शनिवार
नाव कोरायला बसलो. छिन्नी घसरते. ओरखडासुद्धा उठत नाही, उलट छिन्नीचंच टोक गेलं.
विम पुन्हा कुंपणावर. याला दुसरा उद्योग नाही. म्हणे कडक पोलादावर नाव उठत नाही, ते उठत नाही हीच चांगली खूण आहे. आणि काही झालं तरी पुन्हा विस्तवात घालू नकोस.
नाव नको म्हणे! या लोकांना काय कळणार. एकाही ताटलीवर नाव नसतं. कुठे जेवायला डबा पाठवला की परत काय येईल याचा भरवसा नाही.

१९ मार्च, रविवार
पट्टी पुन्हा लाल केली, राखेत पुरून सावकाश गार होऊ दिली. आता छिन्नी लोण्यात जावी तशी गेली. 'अजित व. केतकर' सुरेख उठलं. सवयीने आधी माझंच घातलं. पुढे सानिकाच्या नावाला जागा उरली ती 'सा'पुरती. सानिकाने पट्टी उलटसुलट पाहिली, 'मोय' म्हणाली, म्हणजे छान, आणि खोलीत गेली.
प्रांजलीने विचारलं, आता पुन्हा तापवून पाण्यात नको का बुडवायला? नको. एकदा कडक केलं ते केलं. डिग्री मिळाल्यावर परत परीक्षेला बसतं का कोणी?

२१ मार्च, मंगळवार, संध्याकाळी ६
अंगणात पट्टी तपासली. ठिणगी नाही. कारणं: १) दमट हवा. २) गारगोटी झिजली. ३) हा देशच समुद्राच्या खाली आहे.
सानिका खिडकीतून बघत होती. तिला अंगठा वर करून दाखवला.
निश्चय: आता शुक्रवारपर्यंत तपासायची नाही. पोलादाला विश्रांती हवी.

२२ मार्च, बुधवार
सानिका दुपारभर विमकडे. त्याच्या कुत्र्याला फिरवायला, म्हणाली. चांगलं आहे. म्हाताऱ्याला तेवढीच सोबत.

२४ मार्च, शुक्रवार
ऑफिसातून अर्धी सुट्टी घेतली. आगीपाशी कोणीतरी मोठं माणूस हवं असं बाईंचं म्हणणं होतं. अंगणात पोरं गोल करून उभी. सानिकाने माझी पट्टी उंच धरली, नावावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ डचमध्ये बोलली. माझ्याविषयी होतं एवढं कळलं. पोरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान लववली. टाळ्यासुद्धा मीच सुरू केल्या.
मग तिने खिशातून दुसरी पट्टी काढली. एका फटक्यात ठिणगी, बनियन पेटलं, गवत पेटलं. दुसऱ्यांदा टाळ्या पडल्या, त्या खऱ्या.
दहापैकी नऊ मार्क.

सायकलवरून घरी येताना विचारलं, माझ्या पट्टीबद्दल काय सांगितलंस. ती इंग्लिशमध्ये म्हणाली, हेच की पोलाद कडक असेल तर त्यावर नाव उठत नाही. बाबांचं उठलं, म्हणजे ते मऊ झालं. तिला रविवारीच कळलं होतं. मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, तू इतका खूश होतास.

दुसरी पट्टी विमने केलेली, उरलेल्या कानसेची. तिच्यावर काही कोरलेलं नाही. दोऱ्याने एक कागदाची चिठ्ठी बांधली आहे, आणि चिठ्ठीवर म्हाताऱ्याच्या थरथरत्या अक्षरात पूर्ण नाव आहे: सानिका.

प्रांजलीने आत्ताच विचारलं, तुझी पट्टी कुठे ठेवू? मी म्हटलं, भांड्यांच्या कपाटात. नाव आहेच.