डॅडींना दिसलेला मासा

अँड्रॉस बेट,
गुरुवार, २९ मे १९८६

आदरणीय अल्थीया आत्या,

तुझ्या दोन्ही गालांना इथूनच मुका. तुझा गुडघा कसा आहे? नसाऊत उकाडा वाढला असेल, तर चर्चमध्ये पंख्याखालच्या बाकावर बसत जा, मान मिळतो म्हणून पहिल्या रांगेत बसू नकोस. आम्ही इथे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ते कितपत खरं आहे ते पुढे येईलच.

सर्वात आधी गेल्या पत्रातली चूक दुरुस्त करते, कारण ती पोस्टात टाकल्यापासून मला धड जेवण गेलेलं नाही. मी लिहिलं होतं की मंगळवारी तेरा तारखेला डॅडींना साठ फुटांवरून बोनफिश दिसला, त्यांनी मिस्टर पेंडल्टनना दाखवला आणि मिस्टर पेंडल्टननी तो धरला. यातलं मिस्टर पेंडल्टननी धरला एवढंच खरं आहे. (मासा अकरा पौंडांचा होता असंही लिहिलं होतं. तो साडेनऊचा होता. तराजूच्या आकड्याला ओला टॉवेल लटकत होता, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.) डॅडींना मासा दिसला नाही. आत्या, डॅडींना नाताळापासून काहीच धड दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, आता काढला तर दिसेल, अजून वर्ष काढलंत तर मी काही बोलत नाही. डॅडी म्हणाले, नका बोलू, आणि टोपी घालून घरी आले.

हे तुला सांगणार नाही अशी डॅडींनी माझ्याकडून बायबलवर हात ठेवून शपथ घेतली आहे. मी त्यावर तीन आठवडे विचार केला. शपथेचे शब्द "तोंडातून अवाक्षर काढणार नाही" असे होते. लिहिण्याबद्दल काही म्हटलेलं नव्हतं. ही पळवाट आहे हे मला कळतं. रविवारच्या शाळेत खोटं आणि अर्धं खरं यातला फरक तूच शिकवलास, तेव्हा माझं नेमकं काय झालंय ते तूच ठरव.

लपवण्याचं कारण आहे मिस प्रेस्कोला ही बाई. मासे धरायला लॉजवर उतरणाऱ्या पाहुण्यांना डॅडींसारख्या कोणत्या गाईडची होडी द्यायची हे तीच ठरवते, आणि ज्याची नजर गेली त्याला ती शंख सोलायला बसवते. (कोशिंबिरीला शंखातलं मांस लागतं, त्यामुळे हे काम कमी दर्जाचं नाही असं ती म्हणते. तिने स्वतः एकदाही केलेलं नाही.) याच मार्चमध्ये डॅडींनी काठावर उभ्या बगळ्याला टोपी काढून "सुप्रभात, रेव्हरंड" म्हटलं, ते नेमकं तिने ऐकलं. "हेझेकिया, हल्ली रेव्हरंड फारच बारीक झालेत रे!" असं ती धक्क्यावरून ओरडली. डॅडी शांतपणे म्हणाले, "उपास चालू आहेत त्यांचे." त्या दिवसापासून मी डॅडींच्या होडीवर जेवण वाढणारी मुलगी म्हणून जाते.

तुला आठवत असेल, मला वाचणं, मोजणं, घड्याळ, सगळं डॅडींनी होडीतच शिकवलं. ते मागच्या फळीवर उभं राहून लांब काठीने होडी ढकलायचे, मी त्यांच्याकडे तोंड करून बर्फाच्या पेटीवर बसायचे. होडीचं नाक म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, डावी बाजू नऊ. पाहुणा नाकावर गळाची छडी घेऊन उभा असतो, त्याला "दहा वाजता, चाळीस फूट" सांगितलं की तो तिथे गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी टाकतो. पण माझं तोंड डॅडींकडे, म्हणून माझ्या डाव्या हाताला तीन आणि उजव्या हाताला नऊ. शाळेत गेल्यावर मी भिंतीवरचं घड्याळही तसंच वाचलं, आणि मला दुपारी तीनला सुटायचं तर सकाळी नऊलाच दप्तर उचलून निघाले होते. त्याबद्दल तुलाच शाळेत बोलावलं होतं.

तर आताही मी त्याच पेटीवर, त्याच दिशेला तोंड करून बसते. मान घुबडासारखी मागे वळवून मासे शोधते, मग डॅडींकडे वळून बोटं दाखवते, आणि डॅडी खड्या आवाजात तो आकडा पाहुण्याला सांगतात. दोन बोटं म्हणजे दोन. अकराला मूठ, बाराला टोपी काढायची. (एकदा डोक्याला खाज आली म्हणून टोपी काढली तर एका डेंटिस्टने रिकाम्या पाण्यात अकरा वेळा माशी फेकली आणि शेवटी डॅडींना म्हणाला, फारच चतुर मासा आहे.) बोटं डॅडींना नीट दिसत नाहीत म्हणून मी पांढरे हातमोजे घालते. हो, तेच. ईस्टरला तू पाठवलेले, जाळीच्या मनगटाचे. ते कपाटात कागदात गुंडाळून ठेवलेत असं मी लिहिलं होतं. ते खाऱ्या पाण्याने ताठ झालेत आणि त्यांना कोळंबीचा वास येतो. ही दुसरी दुरुस्ती.

आता तेरा तारीख. मिस्टर पेंडल्टन ओहायोचे निवृत्त न्यायाधीश आहेत, वय अठ्ठ्याहत्तर, नऊ वर्षं दर मे महिन्यात येतात आणि फक्त डॅडींबरोबर जातात. त्यांची सवय अशी की डॅडींनी आकडा सांगायचा अवकाश, ते म्हणतात, "दिसला!" त्या दिवशी सकाळी साडेनऊला वारा पडला. आत्या, तू इथेच वाढलीस, तुला मी काय सांगणार. पण वारा पूर्ण पडून भरतीचं पहिलं पाणी वाळूवर चढायला लागतं तेव्हा पाणी आहे की नाही हेच कळत नाही. होडी हवेत टांगल्यासारखी वाटते आणि तिची सावली खाली वेगळीच चाललेली असते. मी मान वळवून बघत होते. आधी काही नव्हतं. मग वाळूवर एक सावली सरकली, आणि तिच्यावर मासा नव्हता. नुसती सावली. मग ती वळली, तिच्या जागी लखकन आरसा चमकला आणि पुन्हा काही नाही. एवढा मोठा बोनफिश मी जन्मात पाहिलेला नाही. देवाने हा प्राणी बनवताना त्याला दिसूच नये असं ठरवलं, आणि मग फक्त सावली तेवढी पुसायची विसरला, असं मला वाटलं. (हे रेव्हरंडना सांगू नकोस, विसरला हा शब्द त्यांना चालणार नाही.)

मी दोन बोटं दाखवली. डॅडी म्हणाले, "दोन वाजता, साठ फूट." मिस्टर पेंडल्टन म्हणाले, "दिसला!" आणि त्यांनी छडी दहाच्या दिशेला उचलली.

तेव्हा मला कळलं. ज्याने दाखवायचा त्याला दिसत नाही, ज्याने धरायचा त्यालाही दिसत नाही, आणि दोघं नऊ वर्षांच्या ओळखीच्या भरवशावर एकमेकांना मासे दाखवताहेत. मी घाबरून पेटीवरून उठले, पुढे तोंड केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः ओरडले. काय ओरडले? "दहा!" म्हणून ओरडले. कारण तोंड फिरलं तरी माझ्या डोक्यातलं घड्याळ फिरलं नव्हतं. मासा दोनलाच होता. मिस्टर पेंडल्टन म्हणाले, "बरोबर, दहाच! मलाही दहालाच दिसतोय!"

मागून डॅडी अगदी हळू म्हणाले, "ड्रुसी, खाली बस." मग म्हणाले, "जज्जसाहेब, छडी दोनकडे. टाकू नका. काठीच्या टोकाला आत्ता चिखल संपून वाळू लागली आहे. गवताच्या दोन पट्ट्यांमध्ये ही एकच वाट आहे, पाणी चढताना तो इथूनच येणार. अजून नाही... अजून नाही..." मी डॅडींकडे पाहिलं. आत्या, त्यांनी डोळे मिटले होते. काठी हातात सैल धरली होती, तू पिठाला पाणी किती झालं ते चाचपून बघतेस तशी. मग म्हणाले, "आता. चाळीस फूट."

मिस्टर पेंडल्टननी काहीही न दिसता माशी टाकली. ती सावलीच्या पुढे दोन हातांवर पडली. सावली थांबली, वाकली, आणि रीळ किंचाळायला लागलं.

म्हणजे हिशेब असा, की मला मासा दिसला आणि मी तो चुकीचा सांगितला, डॅडींना दिसला नाही आणि त्यांनी तो बरोबर सांगितला, आणि मिस्टर पेंडल्टनना तर काही म्हणजे काही दिसलं नाही आणि त्यांनी तो धरला. मासा पहिल्या धावेत दीडशे यार्ड दोरी घेऊन गेला. दोरी पाणी कापत जाताना कापड फाटल्यासारखा आवाज येत होता. मिस्टर पेंडल्टन हसत होते आणि त्यांच्या नाकातून पाणी येत होतं. वीस मिनिटांनी मासा होडीशी आला. मी घाईने तो तराजूवर तोलला (ओला टॉवेल तेव्हाचाच) आणि डॅडींच्या हातात दिला. डॅडींनी पाण्यात उतरून त्याला दोन्ही तळव्यांवर धरलं, आणि चेहरा वीतभर अंतरावर नेऊन पाहिलं. मग मला हळूच विचारलं, "पाठीवर अजून हिरवट असतो का गं?" मी म्हटलं, असतो. "आणि पट्टे?" म्हटलं, फिके, धुरासारखे. त्यांनी हात उघडले. मासा तिथेच होता आणि तिथे नव्हता. मी बर्फाच्या पेटीत डोकं घालून सँडविच शोधत बसले. सँडविच माझ्या मांडीवरच होते.

एवढ्यावर थांबले असते तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. परतताना डॅडींनी इंजिन पूर्ण वेगात सोडलं आणि होडी सरळ प्रवाळाच्या खडकावर घातली. तो खडक तुमच्या लहानपणापासून तिथे आहे. मी सुकाणूवर झडप घातली तेव्हा तो हाताच्या अंतरावरून गेला. मिस्टर पेंडल्टन म्हणाले, "वा, हेझेकिया, काय सफाई!" घरी आल्यावर मी डॅडींना डोळ्यांबद्दल बोलले, तर ते म्हणाले, "सकाळी पाहिलंस ना? डोळ्यांचं काय काम?" तो मासा आला नसता तर मी वाद जिंकले असते. खडकाला वाट नसते, भरती नसते, तो कुठून येणार हे काठीला कळत नाही. पण हे मला दोन दिवसांनी सुचलं, आणि तोवर डॅडी पुन्हा पाण्यात होते.

तुझी आज्ञाधारक भाची,
ड्रुसिला

ता. क. : खरं काम राहिलंच. नर्सबाईंनी माझ्या हट्टावरून डॅडींचं नाव नसाऊच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मंगळवार, १७ जूनला लावलं आहे. डॅडी स्वतःसाठी येणार नाहीत, पण तुझ्यासाठी येतील. तू त्यांना असं लिहिशील का, की तुझ्याच डोळ्यांचं ऑपरेशन आहे आणि तुला भीती वाटते? हे खोटं आहे हे मला माहीत आहे. पण नाताळात भजन वाचताना तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं ना? तेवढ्या आधारावर तुला पंधरा तारखेपासून थोडं प्रामाणिकपणे आजारी पडता आलं तर बघ.

ता. क. दुसरा : वरचा ता. क. वाचू नकोस. मी तुला खोटं बोलायला सांगणं म्हणजे फारच झालं. खोडलं असतं, पण पानामागे माशाचं वर्णन आहे आणि शाई पलीकडे उतरते.

ता. क. तिसरा : डॅडी जेवायला आले आणि म्हणाले, एवढं काय लिहितेस, वाच बघू. (त्यांचा चष्मा होडीत राहिला आहे. तो जानेवारीपासून होडीत राहिला आहे.) मी मासा वाचला, डोळे गाळले. डॅडी म्हणाले, "दोन पानं एकदम उलटलीस. आवाज जाड आला." मग मी सगळं वाचलं. ते म्हणाले, "शपथ मोडलीस." मी म्हटलं, तोंडातून नाही काढलं, लिहिलंय. "मग आत्ता वाचलंस ते नाकातून काय?" म्हणाले. आणि मग हळू विचारलं, "जज्जला खरंच दिसत नाही?" मी म्हटलं, नाही. आत्या, ते इतके हसले की जॉनीकेक पावाचा घास घशात अडकला. नऊ वर्षं, म्हणाले, नऊ वर्षं त्या माणसाची नजर किती तीक्ष्ण म्हणून मी गावभर सांगतोय! मग हसणं थांबलं, आणि त्यांनी दोन्ही तळहात डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. तुला निरोप आहे, की खोटं बोलू नकोस, खोटं बोलायच्या आधी तू घसा खाकरतेस ते त्यांना पत्रातूनसुद्धा ऐकू येईल.

येतो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. फक्त, टपालबोट हल्ली किती वाजता सुटते, एवढं विचारलं आणि उत्तर न ऐकता उठले. मी त्यांची पिशवी भरून ठेवली आहे. ते येवोत न येवोत, मी बोटीच्या अगदी नाकावर बसणार आहे, या वेळी तोंड पुढे करून, आणि इथल्या धक्क्यावरून त्यांना दिसावेत म्हणून तुझे हातमोजे घालून दोन्ही हात वर धरणार आहे. बोट सकाळी सहाला, भरतीबरोबर सुटते. सोमवार, १६ जून.