रोही आडवा आला नव्हता

बाबा,

रोही आडवा आला नव्हता. गावात सगळे तसं समजतात, तुमची सून तसं समजते, हाडाच्या डॉक्टरांनाही आम्ही नीलगाय आडवी आली असंच सांगितलं. पण फुलसावंगीहून उमरखेडकडे जाताना त्या दुपारी रस्ता साफ मोकळा होता. मोटरसायकल मीच पाडली. मागे तुमची नात बसली होती, जी तुम्ही पाहिली नाही.

तुम्ही गेलात तेव्हा गावात फोन एकच होता, ग्रामपंचायतीतला, तोही कुलपात. आता तो प्रत्येकाच्या खिशात असतो, आणि माझ्या खिशात तर विहिरीवरच्या मोटारीचाही फोन येतो. हसू नका. मी दहावी नापास झालो तेव्हा तुम्ही हात उगारला नाही. उमरखेडच्या बाजारातून लाल मुठीचा टेस्टर आणला आणि म्हणालात, "शाळा नाही जमली तं हे जमव. पण अर्धवट करू नको." त्या एका टेस्टरवर मी शिकलो. कोणाच्या हाताखाली राहिलो नाही. जळालेल्या मोटारी खोलून वाइंडिंग शिकलो, मग स्टार्टर, आणि आता शेतात लाइन आली की मालकाला फोन करणारा स्टार्टर मी स्वतः जुळवतो. फोन उचलायचा, एक दाबला की मोटार चालू, दोन दाबला की बंद. लोक कंपनीचा सोडून माझा बसवतात, कारण मी बारीकसारीक पाहतो. फोन उचलला नाही तर माझा स्टार्टर दहा मिनिटांनी परत फोन करतो. ती सोय माझ्या डोक्यातली आहे. गिऱ्हाइकाला मी तोंडानं समजावून सांगतो की माणूस जेवत असेल, गाडीवर असेल, म्हणून ठेवली आहे. गाडीवर असेल, हे माझेच शब्द.

पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. ग्राउंडची तारीख आली होती. धावण्यात ती मागे नव्हतीच, गोळाही चांगला फेकायची; घरामागच्या पडीत गोळा पडून पडून खळगे झाले होते. त्या दिवशी तिला बूट घ्यायला निघालो होतो. पुलाच्या अलीकडे खिशात फोन वाजला. मोटारीच्या फोनची घंटी मी वेगळी लावली आहे, त्यामुळे न पाहता समजलं. मी डाव्या हातानं फोन काढला. ती मागून म्हणाली, "पप्पा, राहू द्या ना." मी म्हणालो, "एकच तं दाबाचं आहे." एक दाबला आणि वर पाहिलं तेव्हा रस्ता वळला होता आणि आम्ही नव्हतो वळलो. चाक डांबर सोडून मुरमात गेलं. ती उजव्या हातावर पडली. मला खरचटलंसुद्धा नाही. मी तिच्याकडे धावलो तेव्हा मुरमात पडलेल्या फोनमधून आवाज येत होता, मोटार चालू झाली आहे. स्टार्टरमध्ये आवाज तिचाच भरला आहे, बाबा. ती शाळेत होती तेव्हा कौतुकानं भरला होता.

मागून येणारा एक माणूस थांबला. "कसं झालं भाऊ?" त्यानं मला विचारलं होतं. मी तोंड उघडायच्या आत पोरगी मनगट धरून बसल्या बसल्या बोलली, "रोही आला ना काका, एकदम आडवा." ती माझ्याकडे पाहतही नव्हती. आणि मी काय केलं? मी त्या रोह्याला रंग दिला. निळसर नर होता, म्हणालो, तुरीतून निघाला आणि धुऱ्यावरून सरळ रस्त्यावर आला. दुसऱ्याचं माप बोटभर चुकलं तर त्याला चारचौघांत टोकणारा मी, जे जनावर नव्हतंच त्याची उंचीही हातानं दाखवली.

तिचं ग्राउंड हुकलं. प्लास्टरमध्ये हात घेऊन ती स्वयंपाकघरात डाव्या हातानं भाकरी थापायची, आणि तुमची सून चुलीपाशी बसून शिव्या द्यायची. "त्या मुडद्या रोह्याले तूरही आमचीच भेटली अन् पोरगीही." पोरगी खाली मान घालून भाकर उलटायची. शेजारचा म्हणाला, "काहून सोडतो बे? जंगली जनावरानं जखमी केलं तं वनखात्याकडून भरपाई भेटते." मी म्हणालो, मले नाही पाहिजे. गावात त्याचीही तारीफ झाली. स्वाभिमानी माणूस आहे म्हणे, बापावर गेला. ते मी ऐकून घेतलं. पडल्याची लाज एका जागी, पण हे गप ऐकून घेतल्याची जास्त.

तुमच्यावर गेलो असतो तर. लहानपणी मी तुमच्या एसटीत इंजिनाच्या झाकणावर बसून यायचो. गाडी चालू असताना तुम्ही कोणाला उत्तर द्यायचा नाहीत, हे त्या रस्त्यावरच्या सगळ्या प्रवाशांना ठाऊक होतं. मला ठाऊक असून मी एकदा काहीतरी विचारतच राहिलो. तुम्ही गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडे वळलात. "बोल. काय बोलाचं ते बोलून घे. गाडी उभी आहे." सगळी बस माझ्याकडे पाहून राहिली. मला काय विचारायचं होतं तेच आठवेना. मागून एक बाई म्हणाली, "बोल रे बाप्पा लवकर, माहे वांगे सुकून राह्यले." लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. मी घरी येईपर्यंत फुगून बसलो होतो. पुढे कित्येक वर्षं तुमचा खडूसपणा म्हणून हा किस्सा मी चहाच्या टपरीवर सांगत आलो. तुमची नक्कल मला छान जमते.

आता तिचा हात मोकळा झाला आहे. पूर्वीसारखी पकड नाही, पण तिनं परत गोळा हातात घेतला आहे. पुढची भरती कधी निघेल कोणाला माहीत. काल सकाळी म्हणाली, "पप्पा, उमरखेडच्या ग्राउंडवर सोडून द्या." मी गाडी काढली. ती बसली नाही. समोर येऊन तिनं हात पुढे केला, उजवाच, आणि तसाच ठेवला. मी फोन काढून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो बॅगेत टाकून चेन लावली आणि मागे बसली.

पुलाजवळ आलो आणि बॅगेत फोन वाजला. तीच घंटी. तो वाजून वाजून थांबला. मग मी गाडी बाजूला घेऊन उभी केली, तुमच्यासारखी. म्हटलं, आता बोलून घ्यावं. घरी गेल्यावर तुझ्या आईला मी खरं सांगतो, तू माझ्यासाठी खोटं बोलायची गरज नव्हती, एवढंच तर म्हणायचं होतं. ती म्हणाली, "काहून थांबले?" मी म्हणालो, "काही नाही." ती म्हणाली, "चला मग, ऊन चढते." आम्ही निघालो.

हे वाचायला हवं ते तुमच्या सुनेनं. तिच्यापुढे ठेवायची हिंमत होत नाही म्हणून तुम्हाला लिहितो आहे, कारण तुमच्यापर्यंत हे पोचणार नाही याची खात्री आहे. एक गोष्ट मात्र तुमच्यापाशीही टाळत होतो. काल फोन वाजला तेव्हा माझा डावा हात हँडल सोडून खिशाकडे गेला होता. खिसा रिकामा आहे हे मला माहीत होतं. तरी गेला. मागे बसलेल्या तिला तो दिसला असणार.