आठचं बटण

सोमवार, ३ मार्च
आज प्रेसमध्ये रुजू झाले. मालक दारापर्यंत घ्यायला आले. म्हणाले, खुर्ची तुमच्या भावाचीच आहे, संकोच करू नका. महिन्यापूर्वी माळ्यावरून कागदाची रिमं उतरवताना धाकटा पडून गेला, तेव्हा मालकच सगळ्यात जास्त रडले होते. मोबाइल त्यांच्या टेबलाच्या खणात ठेवायचा, किल्ली त्यांच्याकडे, एवढा एकच नियम. कटिंग मशीनवरचा माणूस काडीसारखा, तरी त्याला सगळे पहिलवान म्हणतात. नाव ठेवणाऱ्याला चष्मा लागला होता, असं तो स्वतःच सांगतो. बऱ्याच दिवसांनी हसले.

मंगळवार
कीबोर्ड बिघडलेला आहे. उजवीकडचा आठ दोनदा उमटतो, त्याच्या खालचे आकडे उमटतच नाहीत. वायर काढून दुसरीकडे लावली. दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून पाहिला, तिथेही तेच. म्हणजे दोष कीबोर्डातच आहे. नवा मागितला तर मालक हसून म्हणाले की भावाचंही हेच रडगाणं होतं, स्वतः चुकायचं आणि नाव बटणाचं घ्यायचं. आतून साफ करते म्हटल्यावर पहिलवान मध्येच बोलला, ताई, उगीच उघडू नका, नवा मी माझ्या पैशानं आणतो. त्याला काय पडलंय, कळेना.

बुधवार
दरपत्रकात आठच्या जागी अठ्ठ्याऐंशी छापले गेले. मालकांनी कागद पाहिला आणि लोखंडी पट्टी फेकली. कानाजवळून गेली, भिंतीचा गिलावा उडाला. मग त्यांनीच पाणी आणून दिलं, घाबरलात का म्हणून विचारलं. मशीनच्या आवाजाआड पहिलवान म्हणाला, ताई, आजच्या आज निघा. मी निघाले नाही. धाकट्याची जागा आहे.

गुरुवार, दुपार
मालक बाहेर गेलेत. आतल्या खोलीत कीबोर्ड उघडला. आठच्या खालचं रबर फाटलेलं, जुनं. तो खरंच अडकत होता. बाकीच्या बटणांखाली तपकिरी थर. चहा असता तर चिकट लागला असता, मुंग्या आल्या असत्या. स्पिरिटचा बोळा फिरवला तर लाल झाला.
पाच आणि दोनच्या मधे दाताचा तुकडा. पुढचा. कोपरा तिरका. धाकटा लहानपणी सायकलवरून पडला होता, तेव्हाचा.
माळ्यावरून पडलेल्याचा दात इथे कसा?
पहिलवानाला दाखवला. त्यानं सगळं सांगितलं. आकडा चुकला म्हणून मालकांनी. केस धरून, तोंड या कीबोर्डावर आपटलं. आवाज बंद होईपर्यंत. मग माळ्याखाली नेऊन टाकला. पोराबाळांच्या भीतीनं गप्प बसलो, म्हणाला.
तो पोलिसांना आणायला निघालाय. तोवर आतून कडी लावा, म्हणाला.

शटरचा आवाज. उघडल्याचा नाही, खाली ओढल्याचा.

कटिंग मशीन सुरू झालंय. आज कापायला काहीच नव्हतं —

पहिलवान ओरडला. एकदाच.

मशीन बंद.

मालक दाराशी आहेत. हळू आवाजात विचारतात, ताई, आठचं बटण खरंच अडकत होतं का? मी हो म्हटलं. रबर फाटलंय म्हटलं.
मग म्हणाले, म्हणजे पोरगा खरं बोलत होता.
रडतायत.

दारावर काहीतरी आपटतायत. हात नाही. जड, ओलं. पुन्हा. पुन्हा. दाराच्या फटीखालून पहिलवानाचे केस दिस —

कडी वाकली. विचारतायत, झाला का दुरुस्त, ताई, आणा इकडे, बघू दे तुम्ही तरी आकडा नीट —