ठमी व्यवस्थित जेवते आहे

१ फेब्रुवारी, रविवार
ताईची मांजर आजपासून आमच्याकडे. ताई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता महिनाभर तरी ती पुनर्वसन केंद्रात. वॉकर घेऊन पुन्हा पहिल्यापासून चालायला शिकायचं. मेहुणे गेल्यापासून त्या घरात ताई आणि ठमी, दोघीच.

ठमी करडी आहे, म्हातारी आहे आणि नावाला शोभेल अशी गुबगुबीत आहे, असं ऐकून होतो. टोपलीतून बाहेर आली ती मध्यम साइजची. प्रवासाचा शीण असेल.

ताईने फोनवर सूचनांचा पाढा वाचला. हल्ली खाताना जरा अडखळते, तेवढं बघ, म्हणाली. मी म्हटलं, ताई, तू फक्त चालायला लाग, हिच्या जेवणाचं माझ्याकडे लागलं. इन्शुरन्सच्या क्लेम्स डिपार्टमेंटमध्ये आयुष्य गेलं माझं. खरं दुखणं कुठलं आणि बनावट कुठलं, हे मला कागद न उघडता कळतं.

संकल्प: रोज चार ओळी लिहायच्या. शिस्त ठेवायची. बायकोला यात पडू द्यायचं नाही, ती लगेच विरघळते.

३ फेब्रुवारी, मंगळवार
निरीक्षण. डब्याचं झाकण वाजलं की ठमी असेल तिथून धावत येते. पायात घोटाळते, ओरडून घर डोक्यावर घेते. वाटी ठेवली की तुटून पडते. एक दाणा तोंडात घेते, मान वाकडी करते, दाणा खाली पाडते, वाटीवर फिसकारते आणि मागे सरकते. मग वाटीकडे बघत बसते. थोड्या वेळाने पुन्हा येते. पुन्हा तेच.

याला नखरे म्हणतात. भूक नसती तर धावत आली नसती. भूक आहे आणि खात नाही, म्हणजे खायचं नाही. साधं लॉजिक. मागे एक इसम पाठदुखीचा क्लेम घेऊन आला होता. खुर्चीत बसवत नाही म्हणे. जाताना गडी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरला. मी वरून बघतच होतो.

हिलाही असंच गाफील गाठायचं.

५ फेब्रुवारी, गुरुवार
टाइमटेबल करून फ्रिजवर चिकटवलं. वाटी ठरलेल्या वेळी येणार, ठरलेल्या वेळी उचलली जाणार. लाड नाहीत. ताईने हिला मांडीवर घेऊन भरवून बिघडवलंय, हे उघड आहे.

सकाळ: चाटलं. संध्याकाळ: चाटलं. चाटणं हे खाण्याच्या दिशेनेच पाऊल आहे.

बायको म्हणाली, तिच्या तोंडाला वास येतो. म्हटलं, मांजराच्या तोंडाला काय अत्तराचा वास यायचा?

८ फेब्रुवारी, रविवार
टाइमटेबलला प्रतिसाद थंड. म्हणून आज कडक उपाय. दिवसभर वाटी ठेवायचीच नाही. पोटात कावळे ओरडले की नखरे आपोआप गळतात.

दुपारी ताईचा फोन. काय म्हणते ठमी, जेवते ना? ठमी त्या वेळी वाटीच्या रिकाम्या जागेसमोर बसून माझ्याकडे बघत होती. म्हटलं, व्यवस्थित. ताई खूश झाली. म्हणाली, आज वॉकर घेऊन दारापर्यंत गेले, उद्या पॅसेजमध्ये जाईन.

खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. उद्यापासून व्यवस्थित जेवणारच होती, मी एक दिवस आधी सांगितलं इतकंच.

९ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ
वाटी ठेवली. झडप घातली. मोठा घास घेतला आणि किंचाळली. किंचाळली हाच शब्द. पंजाने स्वतःचंच तोंड ओरबाडत पलंगाखाली गेली.

बायको माझ्याकडे नुसती बघत राहिली. काहीतरी बोलली असती तर उत्तर देता आलं असतं.

संध्याकाळ
दाणे फार टणक आहेत, हे माझ्या लक्षात आलं. मऊ खाणं आणलं. वाटी खोल आहे, मिशा टेकतात, म्हणून बशी आणली. बशी फार खाली येते, मान वाकवावी लागते, म्हणून ती जाडजूड डिक्शनरीवर ठेवली. प्रॉब्लेम म्हटला की मी असा सगळ्या बाजूंनी भिडतो. ऑफिसात याची कदर नाही.

ठमीने मऊ खाण्याचा रस चाटला. निम्मा हनुवटीवरून डिक्शनरीवर सांडला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
ताईला फोटो हवा होता. ठमीचा फोटो काढायला गेलो, पण लाइट बरोबर नव्हता. लाळेने छातीवरचे केस चिकटलेत, तेही नीट दिसत नव्हते. मग रिकाम्या बशीचा पाठवला. बशी मीच रिकामी केली होती. खाली लिहिलं, ‘सगळं फस्त!’

ताईचा लगेच फोन. आवाज केवढा मोकळा! फिजिओथेरपीवाली म्हणे थक्क झाली, आज ताई पॅसेजच्या टोकापर्यंत गेली. या वयात एवढी झपाट्याने सुधारणा तिने पाहिली नव्हती.

म्हणजे बघा, माझी एक बशी तिकडे औषधासारखी लागू पडते आहे. रोज पाठवायचं ठरवलं.

१५ फेब्रुवारी, रविवार
बायकोशी वाद. ती म्हणते, हिला डॉक्टरकडे ने, नुसती हाडं लागतात हाताला. मी म्हटलं, वय झालं की अंग उतरतंच. तिने ठमीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

हलकी आहे. मांजरं हलकीच असतात.

मांडीवर ती घुरघुरायला लागली. माझ्या बोटांना मघाच्या माशाचा वास होता. तिने बोटं चाटली, मग तोंड मिटून डोकं माझ्या तळहातावर ठेवलं. इतका विश्वास. समाधानी प्राणी आहे, दुखणं वगैरे असतं तर घुरघुरली असती का? हे मी बायकोला बोलूनही दाखवलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
मी ऑफिसात असताना बायको परस्पर ठमीला डॉक्टरकडे घेऊन गेली. माझ्या पाठीमागे!

जिभेखाली गाठ आहे. जबड्यापर्यंत गेलेली. ऑपरेशन होण्यासारखं नाही. डॉक्टरीणबाई बायकोला म्हणाल्या, तिला भूक भरपूर आहे, खायला येते ती भुकेपोटीच. पण प्रत्येक घासाला जीभ हलते आणि जीभ हलली की कळ उठते. तिला अन्नच चावतं आहे असं वाटतं, म्हणून ती वाटीवर फिसकारते.

मी विचारलं, आधी नेली असती तर बरी झाली असती का? बायको म्हणाली, नाही.

बघ, म्हटलं. काही फरक पडला नसता.

बायको म्हणाली, डॉक्टर पुढेही बोलल्या. बरी झाली नसती, पण इतके दिवस दुखलं नसतं.

हे वाक्य डॉक्टरांचं की बायकोचं, याची खातरजमा करायला हवी.

१८ फेब्रुवारी, बुधवार
सूत्रं हाती घेतली. दुखण्यावर थेंब दिलेत, दिवसातून दोनदा. मासा मिक्सरमधून काढून पातळ करायचा आणि बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कडेने सोडायचा. बायको म्हणाली, मी करते. म्हटलं, हे टेक्निकचं काम आहे.

पहिला प्रयत्न: शर्टावर. दुसरा: पडद्यावर. तिसरा ठमीच्या नाकात गेला, ती गुदमरली आणि बायकोने सिरिंज काढून घेतली. बायकोकडून तिने थोडं घेतलं. पण पकड कशी ठेवायची हे बायकोला माझं बघूनच कळलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
विजय! थेंब लागू पडले. ठमी स्वतःहून बशीपाशी आली आणि खाल्लं. सावकाश, मान एका बाजूला कलती करून, पण खाल्लं. तळ दिसला. मग बसून एक पंजा चाटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

बायको रडली. मी ताईला फोटो पाठवला, आज खराखुरा. ताई म्हणाली, आज बशी जरा वेगळी दिसते. तिला कसं कळलं देव जाणे.

माझं मत: डॉक्टर लोक गाठीबिठीचा बाऊ करतात. खाते म्हणजे सुधारते.

२२ फेब्रुवारी, रविवार
आता बरी आहे तर एवढं कडक औषध कशाला? लिव्हरवर परिणाम होतो, असं मी कुठेतरी वाचलं आहे. सकाळचे थेंब बंद केले. बायकोला सांगितलं नाही, उगाच वाद.

२३ फेब्रुवारी, सोमवार
हवामान बदललं आहे. ठमी बशीपाशी आली, बसली, खाल्लं नाही. फिसकारलीही नाही. नुसती बसून राहिली.

बायकोने औषधाची बाटली उजेडात धरून पाहिली. मग माझ्याकडे. मी पेपर वाचत होतो. पेपर उलटा नव्हता, तसं काही नाही.

बाटली आता तिच्या कपाटात असते.

२५ फेब्रुवारी, बुधवार
दोन्ही वेळचे थेंब पुन्हा सुरू, पण तितका गुण नाही. गाठ वाढली, असं बायको फोनवर डॉक्टरांशी बोलताना ऐकलं. मी खोलीत गेलो की ठमी खोलीतून जाते. धावत नाही, भिंतीला धरून जाते. मी हाक मारली. म्हटलं, अगं, माझ्या हातात काही नाही, बघ. दोन्ही हात दाखवले.

बायको म्हणते, ताईला खरं सांग. म्हटलं, तिकडे ती जिना चढायला लागली आहे. आता सांगून तिला खाली पाडू? योग्य वेळ आली की मीच सांगेन. माझी बहीण आहे, मला कळतं.

संध्याकाळी बशीचा फोटो पाठवला.

२८ फेब्रुवारी, शनिवार
ताई न कळवता आली.

इतकी छान प्रगती की त्यांनी लवकर सोडली. टॅक्सीने आली, वॉकर टेकत, हातात ठमीसाठी खाऊचं पाकीट. दारात हसत म्हणाली, कुठे आहे माझी खादाड?

ठमीने आवाज ओळखला. पलंगाखालून आली. शेपूट वर. चालताना एकदा कलंडली, पण शेपूट वरच.

ताईला अजून जमिनीवर बसायची परवानगी नाही. ती बसली. कशी बसली ते मला बघवलं नाही. ठमीला जवळ घेतलं, बोटाने ओठ जरासा उचलला आणि आत पाहिलं.

कधीपासून, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तसं म्हणजे, मध्ये फार छान जेवत होती, मागच्या आठवड्यात शुक्रवारी तर... ताईने बायकोकडे पाहिलं. बायकोने पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. उपाशी ठेवल्याचं, थेंब बंद केल्याचंसुद्धा. मी मध्ये दोनदा खुलासा करायचा प्रयत्न केला. कोणी थांबलं नाही.

ताई ओरडेल असं वाटलं होतं. ती खालच्या आवाजात म्हणाली, ‘मला सांगितलं असतंस तर मी तिला आधीच सोडवली असती रे. तिथे झोपून का होईना, फोनवर हो म्हटलं असतं.’

मी म्हटलं, तुझी चाल बिघडली असती.

ती म्हणाली, ‘माझी चाल!’ आणि वॉकर पायाने ढकलला.

डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या इंजेक्शनसाठी दुपारीच बोलावलं. टेबलावर टॉवेल, टॉवेलवर ठमी. ताईचे दोन्ही हात वॉकरवर होते. बायकोने मागची बाजू धरली होती. डॉक्टर मला म्हणाल्या, तुम्ही डोकं धरता का, नुसतं हनुवटीखाली हात ठेवा. मी पुढे झालो. होणारच होतो. ठमीने माझ्याकडे पाहिलं आणि अंग चोरलं. उरलेल्या सगळ्या ताकदीने मागे सरकली, तशी त्या वाटीपासून सरकायची.

म्हटलं, एक मिनिट, फोन येतोय. बाहेर आलो.

फोन आला नव्हता. काळी स्क्रीन कानाला लावून कॉरिडॉरमध्ये ‘हो, बोला, बोला’ म्हणत उभा होतो. बाकावर एक बाई मांडीवर कुत्रं घेऊन बसल्या होत्या. त्या आधी माझ्याकडे बघत होत्या, मग त्यांनी दुसरीकडे बघायला सुरुवात केली. मी तरी बोलतच होतो. एका क्लेमबद्दल बोलत होतो. कागद अपुरे आहेत, असं म्हणत होतो.

आतून बायको आली. म्हणाली, झालं.

१ मार्च, रविवार
ताईला तिच्या घरी सोडलं. म्हणजे बायकोने सोडलं. ताई म्हणाली, गाडीत जागा कमी आहे. मागची सीट रिकामी होती.

२ मार्च, सोमवार
ऑफिस. आमचे मॅनेजर दिवसभर शांत असतात आणि कोणाची विचारपूस करत नाहीत, म्हणून ते मला आवडतात. आज नेमके टेबलापाशी थांबले. चेहरा उतरलाय, घरी सगळं ठीक ना? म्हटलं, बहिणीची मांजर होती, गेली. अरेरे, म्हणाले, काय झालं होतं? मी म्हटलं, जेवत नव्हती.

त्यांनी मान हलवली आणि गेले.

जेवत नव्हती हे बरोबर नाही. तिला जेवायचं होतं. शेवटपर्यंत जेवायचं होतं, रोज धावत यायची. उठून त्यांच्या केबिनपर्यंत गेलो, हे सांगायला. ते फोनवर होते. काचेतून हातानेच विचारलं, काय?

मी हातानेच सांगितलं, काही नाही.