शब्दाची पंचमी

८ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही बरे आहोत, तुझं आणि वहिनीचं कसं चाललंय? इथली हवा खरंच छान आहे. मोकळ्या हवेने फरक पडेल असं डॉक्टर म्हणाले होते, तसा बाबांच्या भुकेत पडलाय.

बोलण्यात मात्र नाही. झटक्यानंतर सगळं बोलणं गेलं आणि उरलं काय, तर जन्मभर वर्गात शिकवलेल्या लॅटिनमधला एक शब्द! 'रुस्टिकातिओ', म्हणजे गावात जाऊन राहणं. आपल्याकडूनही त्यांनी तो किती वेळा चालवून घेतला होता, आठवतं? आता भूक लागली तरी तेच, सदरा टोचला तरी तेच. दूधवाल्याला वाटतं, आजोबा आपल्याला शिव्या देतात.

गेल्या महिन्यात शब्द पुढे सरकला. रुस्टिकातिओनिस. षष्ठी, गावात राहण्याचं. मला कोण आनंद झाला! मग ते एकाच रूपावर अडकले: रुस्टिकातिओने. पंचमी. गावात राहण्यापासून. दिवसभर, माझी बाही धरून. मी म्हणायची, "हो बाबा, हवा चांगली आहे ना इथली?" कळत असून म्हणायची.

काल मी कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात ते फाटकाबाहेर पडले. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. मी धावत पोचले तेव्हा बसच्या पायरीवर उभे होते.

"कुठं जायचंय, आजोबा?" कंडक्टर विचारत होता.

"रुस्टिकातिओने."

"असा थांबा नाही हो आमच्याकडे."

लोक हसले. कंडक्टर वाईट नव्हता, त्याने हात धरून उतरवलं आणि माझ्या हवाली केलं. बस गेली. बाबा रस्त्यातच बसले आणि ओक्साबोक्शी रडले. मला ते उचलवेनात.

शहरातली आपली जागा चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तुझं घर तळमजल्यावर आहे. वहिनी काय म्हणाली होती ते मी विसरले नाही, म्हणून आजवर विषय काढला नाही. या पत्रातही काढायचा नाही असंच ठरवून बसले होते.

आज सकाळपासून ते गप्प आहेत. मीच त्यांच्यासमोर शब्द चालवून पाहिला, मुद्दाम चुकवला. त्यांनी दुरुस्त केलं नाही.

दादा, ये. न्यायला नाही, तर निदान त्यांना 'नाही' म्हणायला तरी ये. ते माझ्याच्याने होत नाही.

तुझीच,
छोटी