उत्तर येईपर्यंत

१२ जून १९४४
सकाळी वेणी घालताना आठवलं. विशेष काही नाही. माझी तारा तेव्हा सातेक वर्षांची. मागच्या पायरीवर बसून ताकभाकरी खाते आहे, मी मागं बसून तिची वेणी घालते आहे. पुढच्या दारातून शाळेच्या बायजाची हाक येते. तारा भरल्या तोंडानं "आले गंऽ" म्हणते आणि जागची हलत नाही. दुसरी हाक. पुन्हा "आले गंऽ". मान हलली की माझ्या हातातली बट सुटे. एवढंच.
आज त्याच पायरीवर तिच्या लेकीची, चिमीची वेणी घातली. हिचे केस तिच्याहून पातळ.
दुपारी मुलींच्या शाळेच्या हेडबाई आल्या. बायजा घाटावर घसरून पडली, पाय मोडला, हाडवैद्यानं पट्ट्या बांधल्यात. पाऊसपाण्यात मुलींना घराघरातून कोण बोलावून आणणार? हाक मारायला कोणी गेलं नाही तर अर्ध्या मुली घरीच राहतात, धाकटं भावंड कडेवर घेऊन. म्हणून आयांनी आपापली आळी वाटून घ्यावी.
"तुम्ही चिमीची आई म्हणून येता का?"
म्हटलं, मी आजी.
"तिला वाढवता ना? मग झालं."
हो म्हटलं. हे (यांना कचेरीतून पेन्शन होऊन दोन वर्षं झाली, बोलायला माणूस लागतं) हसले. "नन्सच्या शाळेत शिकलेली बाई आता गल्लोगल्ली ओरडत फिरणार."

१४ जून
बायजाकडे जाऊन फेरी विचारून आले. पडल्या पडल्या सांगत होती.
"आधी कुंभार आळी, मंग नदीकडची, तुमचं घर शेवटाला. आन् आक्का, हाक मारली की उत्तर घेतल्याबिगर उंबरा सोडायचा न्हाई. पोरगी 'आले' म्हनली म्हंजी ती शाळंची झाली. मंग आईची न्हाई."
तारालाही हिनंच नेलं. चार वर्षं, रोज.

१५ जून
पहिली फेरी. घसा बसला.
कुंभारांची यमी दाराआड उभी, दिसतेय, पण बोलत नाही. मी उभी. शेवटी म्हणाली, "दुसरी मारा. पयल्या हाकंला वो द्यायची न्हाई, आई म्हनती. हाकामारी असती, वो दिली की घिऊन जाती."
"ती रात्रीची गं. ही शाळेची."
"तरी पन."
दुसरी मारली. लगेच "आले" म्हणून उडी मारून बाहेर. पुढच्या गल्लीत पोहोचेपर्यंत मुलींनी माझं नाव ठेवलं होतं. मागून कुजबुज, "हाकामारी आली, दारं लावा." मला हसू आलं. पांढरे केस, विटकं लुगडं, हातात काठी. त्यांचं तरी काय चुकलं.

२ जुलै
पाय सुजतात. पण सकाळची वाट पाहते. भिजलेल्या मुलींचे चिमणे हात, कोणाला पाटी जड, कोणाची पेन्सिल हरवलेली. चिमी सर्वांत पुढे, माझं बोट धरून. तिला वाटतं शाळा माझीच.
रॉकेल मिळत नाही. संध्याकाळी लवकर जेवतो आणि अंधारात ओसरीवर बसतो. तेव्हा तिला ताराच्या गोष्टी सांगते. दुसऱ्या कुठल्या येत नाहीत मला. तिची आई गेली तेव्हा ती दोन वर्षांची, तिला काय आठवणार. म्हणून सांगते. तारा कशी रुसायची, वरणात तूप नसेल तर कशी ताट फिरवायची, हाक मारली की काय म्हणायची.

११ जुलै
आज लिहू की नको.
फेरी संपवून शेवटी आपल्या दाराशी आले. मागं सगळ्या मुली. पाऊस भुरभुरत होता, दार अर्धं उघडं. हाक मारायची ती 'चिमे' म्हणून, आणि तोंडातून 'तारा' गेलं. किती वर्षांत मोठ्यानं हे नाव घेतलं नव्हतं या दारात.
आतून उत्तर आलं. "आले गंऽ."
तोच हेल. तोंडात घास असल्यासारखा.
मी चौकट धरली. मग चिमी आली, पाटी काखेत, ओठाला ताक. काही झालंच नाही अशी.
दुसरी हाक मारून पाहायला हवी होती. मारली नाही. दुसरीला उत्तर आलं नसतं तर?

१२ जुलै
पुन्हा मारली. चुकून नाही.
"आले गंऽ."

२० जुलै
रोज. बाकीच्या घरांतून चटचट पुढं जाते. यमी म्हणते, "हाकामारी आज लई घाईत हाय." आपल्या दाराशी मात्र थांबते, श्वास घेते, मग हाक. ती आत असते. तेवढं एक उत्तर येईपर्यंत ती आत असते.
यांना सांगितलं नाही.

६ ऑगस्ट
हे नगरला गेले होते. तिथं जावई भेटले. वसंतराव पाथर्डीला कोर्टात कारकून आहेत. गेल्या वैशाखात दुसरं लग्न झालं, ते आम्हीच म्हटलं होतं करा म्हणून. आता म्हणाले, दसरा झाला की चिमीला नेतो.
मी म्हटलं, इतक्या लहान पोरीला त्या कोरड्या मुलखात?
हे म्हणाले, "बाप आहे तो तिचा. मुलूख कोरडा असला म्हणून?"
मी जेवले नाही.

१९ ऑगस्ट
हेडबाईंनी शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. हजेरीला तिचं पाळण्यातलं नाव 'शालिनी' म्हटलं की चिमी बघत बसते. शेजारची कोपर मारते तेव्हा 'हजर' म्हणते. 'चिमी' म्हटलं तरी तेच. "ऐकू कमी येतं का हो तिला? एकदा डॉक्टरांना दाखवा."
म्हटलं, दाखवते.
वाटेत चिमी चिखल चुकवत चाललेली. मागून हळूच म्हटलं, "तारा." लगेच वळली.

२० ऑगस्ट
आज दाराशी 'शालिनी' अशी हाक मारायची ठरवून निघाले होते. ओठांपर्यंत आलं. मग वाटलं, उद्यापासून.

३० ऑगस्ट
बायजाला भेटायला गेले. काठीवर चालू लागली आहे, दसऱ्यापासून फेरी घेते म्हणाली. यमीनं माझ्या दारातल्या हाकेचं तिच्या कानावर घातलेलं दिसलं. बराच वेळ सुपारी कातरत बसली.
"आक्का, गेलेल्याला दारातनं हाक मारू नये. येतंय त्ये."
मी म्हटलं, तुझी खुळं.
"व्हय, खुळंच. पर आलं तर बसंल कुठं? जागा एकाच पोरीची हाय."
परत येताना घाटावर बसले. नदी भरून वाहत होती, गढूळ. मला बायजाचा राग आला होता. मग राग गेला आणि नुसती भीती राहिली.

१० सप्टेंबर
चिमीला विचारलं. जवळ घेऊन, सहज. "मी तारा म्हटलं की उत्तर कोण देतं गं?"
"मी."
"का? तू तर चिमी ना?"
"पहिल्यांदा तू रडायला लागलीस ना दारात. मग मी रोज देते."
थोड्या वेळानं म्हणाली, "कधी कधी मी नाही देत. तरी येतं."
पुढं विचारलं नाही. खेळायला गेली.

२१ सप्टेंबर
वसंतराव आणि त्यांची नवी बायको सुशीला आले. नगरहून कोळशावरची मोटार, वाटेत दोनदा बंद पडली. मुलगी बरी आहे. काळी-सावळी, बोलकी, हात कामाचे. आल्या आल्या पदर खोचून पाणी भरायला लागली. मला वाईट वाटायचं राहिलं, त्याचंच वाईट वाटलं.
चिमीला समोर बसवून तिनं विचारलं, "तुला काय म्हणायचं गं मी? शालिनी की चिमी?"
चिमीनं माझ्याकडं पाहिलं; मला ती आईच म्हणते.
"आईला विचारा. कधी काय असतं, कधी काय."
सुशीला हसली, तिला गंमत वाटली. वसंतरावांनी माझ्याकडं पाहिलं नाही. हे उठून ओसरीवर गेले.

२२ सप्टेंबर
पुण्याला नन्सच्या शाळेत वडिलांनी मला ठेवलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. सिस्टरना 'गोदावरी' म्हणता येईना, त्यांनी मला ग्रेस केलं. मायाळू होत्या. शिवणाचे टाके मुंगीएवढे घालायला त्यांनीच शिकवलं, माझा हात हातात धरून. मला ते नाव आवडायचं. पहिल्या मोठ्या सुटीत घरी आले, आई विहिरीवर होती. तिनं "गोदे" म्हणून हाक मारली. मी वळलेच नाही. तिनं पुन्हा मारली. मग ती हसली, घागर उचलली आणि आत गेली. संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलली नाही.
कित्येक वर्षांत हे आठवलं नव्हतं.

२३ सप्टेंबर
सुशीला फेरीला बरोबर आली. कुंभार आळीत यमीनं तिला आपादमस्तक पाहून घेतलं. "ही नवी हाकामारी व्हय?" सुशीला म्हणाली, "व्हय. आमच्या पाथर्डीत लई आहेत. घरटी एकेक." मुली खिदळल्या.
आपल्या दाराशी आलो. मी सुशीलाला म्हटलं, तू मार.
"काय म्हणू?"
"शालिनी."
तिनं मारली. आतून काही नाही. पुन्हा मारली. घरात चिमी आहे हे मला ठाऊक होतं, पाटी पुसल्याचा वास येत होता. सुशीला माझ्याकडं बघू लागली. बायजाचं आठवलं, उत्तर घेतल्याबिगर उंबरा सोडायचा न्हाई. मी तोंडाला पदर लावला, कारण माझ्या तोंडात ते दुसरं नाव आलं होतं.
तिसरी हाक. मग बऱ्याच वेळानं, बारीक, अनोळखी आवाजात, "आले."
'गं' नाही. हेल नाही. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. चिमी दारात आली ती माझ्याकडं बघत, मी रडते का ते पाहायला. मी नाही रडले.
तिला नेऊ नका असं आज म्हणणार होते. तयारी केली होती, यांनाही पटवलं होतं, निदान उन्हाळ्यापर्यंत तरी. म्हटलं नाही.

दसऱ्याचा दिवस
शाळेत पाटीपूजन. चिमीनं एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, एक हात लांब, एक आखूड. पाटीच्या कोपऱ्यात स्वतःच 'शालिनी' लिहिलं. 'लि'ची वेलांटी उलटी झालीय. दुरुस्त केली नाही.
उद्या सकाळच्या मोटारीनं निघतील. वसंतराव म्हणाले, "दिवाळीला आणतो. राहते म्हणाली तर राहू दे." पाथर्डीची वाट मला ठाऊक आहे. बघू. करमलं नाही तर... बघू.
माझा पायही आता चालत नाही. फेरी उद्यापासून बायजाची. सामान आवरलं, ते असं:
ताराचं परकर-पोलकं यमीला. चिमीला नको, तिला तिच्या मापाचं नवं शिवलं आहे.
ताराची पाटी शाळेत द्यावी. ज्या मुलीची फुटेल तिनं घ्यावी, नाव पुसलेलं आहे.
शिवणाची पेटी सुशीलाला. कात्री धार लावून ठेवली आहे.
फणी चिमीची. केस पातळ आहेत, ओढू नये, हे सुशीलाला सांगितलं आहे.
ताराचा फोटो वसंतरावांनी न्यावा. लेकीनं आईला फोटोत पाहावं.
माझी काठी, पाय बरे नसतील तेव्हा, बायजाला.
आणि बायजाला निरोप: फेरी आधीसारखीच, आमचं घर शेवटाला. चिमी इथं नसली तरी रोज दाराशी येऊन एकदा "शालिनी" म्हणून हाक मारावी. एकदाच. आतून उत्तर नाही आलं तर थांबू नये, मुलींना घेऊन पुढं जावं. आणि आलं, तर आधी नीट ऐकावं, 'आले' म्हणतेय की 'आले गं'.